श्चेद्रिनचे ऑर्केस्ट्रासाठीचे कॉन्चेर्टो : आधी कुठली सीडी घ्यायची?

आधीच सांगून टाकते, एकच घ्यायची असेल तर नॅक्सॉस लेबलवाली घ्या. कंडक्टर किरिल करबित्स आणि बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्राची, जिच्यात रशियन संगीतकार रोदिओन श्चेद्रिनचा चौथा आणि पाचवा कॉन्चेर्टो आहे. कुणालाही विचारा, पहिल्यापासून सुरू कर म्हणतात, कारण पहिला गाजलेला आहे, छोटा आहे, लगेच आवडतो. तो ज्या सीडीवर आहे ती डॉइच ग्रामोफोनची, कंडक्टर मिखाईल प्लेत्न्योव आणि रशियन नॅशनल ऑर्केस्ट्राची, आणि तीही जबरदस्त आहे यात वादच नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरपूर ऐकून झाल्यात, आणि तरी माझं मत नॅक्सॉसला आहे. का ते सांगायला जरा वेळ लागेल कारण हा सगळा प्रकारच आपल्याकडे फारसा कुणी ऐकत नाही, म्हणून थोडं मागून सुरू करते.

कॉन्चेर्टो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक व्हायोलिनवाला किंवा पियानोवाला पुढे आणि बाकीचे सत्तर-ऐंशी जण मागे, असंच येतं. ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्टो म्हणजे पुढे कुणीच नाही, सगळेच पुढे. कधी बासून हे खर्जातलं फुंकवाद्य पुढे येतं, कधी तीन ट्रम्पेट, कधी नुसते डबल बास, आणि प्रत्येकाला एकट्या कलाकारासारखं कठीण वाजवावं लागतं, मागे लपायची सोयच नाही. हिंडेमिटने 1925 मध्ये या नावाने रचना केली होती, पण जगभर हे नाव पोचलं ते बेला बार्टोकमुळे. 1943 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये आजारी, हॉस्पिटलमध्ये होता, तेव्हा बॉस्टन सिम्फनीचा कंडक्टर सेर्गेई कुसेवित्स्कीने त्याला हे काम दिलं आणि 1944 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला पहिला कार्यक्रम झाला. बार्टोक हंगेरियन, पण काम देणारा कुसेवित्स्की पक्का रशियन, तोही मूळचा डबल बास वाजवणारा, हे मला फार आवडतं, ऑर्केस्ट्राच्या शेवटच्या रांगेतून आलेल्या माणसाने सगळ्या ऑर्केस्ट्रालाच नायक करणारी रचना मागितली.

रशियात मात्र हा प्रकार उशिरा रुजला आणि वेगळ्या कारणाने रुजला. तिथे आधीच्या पिढीत कॉन्चेर्टो म्हणजे एकटा माणूस. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐका, 1948 मध्ये लिहून झाला, त्याच वर्षी फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाचा तो ठराव आला ज्यात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव वगैरे सगळ्यांना झोडपलं होतं, आणि मग तो कॉन्चेर्टो कपाटात राहिला तो थेट 1955 पर्यंत, स्टालिन गेल्यावरच व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखने तो लेनिनग्राडला वाजवला. त्यात व्हायोलिन सारखं एकटं बोलतं, ऑर्केस्ट्रा कधी ऐकतो कधी अंगावर येतो. 1959 चा पहिला चेलो कॉन्चेर्टो, चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी लिहिलेला, त्यातही तेच, आणि त्यातली कडेन्झा, म्हणजे चेलोने एकट्याने वाजवायचा तुकडा, तर स्वतंत्र एक मूव्हमेंटच, म्हणजे रचनेचा अख्खा भागच, आहे. पुढची पिढी साठच्या दशकात आली तेव्हा हवा जरा मोकळी झाली होती. या पोरांना मोठमोठ्या सिम्फनी लिहिण्यात रस नव्हता, सिम्फनी म्हटलं की क्रांती, युद्ध, विजय असा काहीतरी मोठा आशय द्यावाच लागायचा. मग ही मंडळी खेड्यातल्या गाण्यांकडे वळली, पण सरकारी लोकसंगीताच्या गोडगोड पद्धतीने नाही, खेड्यात ते जसं ओबडधोबड, चावट, बेसूर गायलं जातं तसंच. या सगळ्याला तिकडे नवी लोकसंगीत लाट म्हणतात, श्चेद्रिन, स्लोनिम्स्की, गाव्रिलिन ही त्यातली नावं. स्लोनिम्स्कीने 1964 मध्ये कॉन्चेर्टो-बुफ्फा लिहिला, आंद्रेई एश्पाईने 1967 च्या सुमारास ट्रम्पेट, पियानो, व्हायब्राफोन आणि डबल बास अशा चौघांना पुढे बसवून ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टो केला ज्याला जॅझचा चांगलाच वास आहे. पण हा फॉर्म धरून ठेवून पस्तीस वर्षं त्यात काम केलं ते श्चेद्रिनने, 1963 ते 1998 मध्ये पाच. म्हणून रशियातला हा प्रवास ऐकायचा तर त्याच्या पाच रचना ओळीने ऐकाव्यात, दुसरा सोपा मार्ग नाही.

श्चेद्रिन 1932 चा, मॉस्कोचा. आजोबा तुला नावाच्या भागातल्या अलेक्सिन गावात चर्चचे पाद्री होते, वडील संगीतातलेच, आणि लहानपणी ओका नदीकाठच्या त्या गावात जे ऐकलं ते त्याच्या कानात कायम राहिलं. आधी मुलांच्या गायनशाळेत, मग मॉस्को कॉन्झर्वेटरीत, तिथे पियानो याकोव फ्लिएरकडे. स्वतः तुफान पियानो वाजवायचा, 1974 मध्ये एकाच संध्याकाळी आपले तिन्ही पियानो कॉन्चेर्टो वाजवले, श्वेतलानोव कंडक्टर, त्याचं रेकॉर्डिंग मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीने काढलं. बायको म्हणजे बोल्शोई थिएटरची बॅले नर्तिका माया प्लिसेत्स्काया. रशियन संगीतकार संघाचा अध्यक्षही तो होता, 1973 पासून 1990 पर्यंत. नंतर म्युनिकला राहायला गेला आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथेच वारला, ब्याण्णव वर्षांचा होऊन.

आता पहिला कॉन्चेर्टो. 1963, आठ-नऊ मिनिटांचा. इंग्रजीत तो नॉटी लिमरिक्स म्हणून मिळेल, कधी मिस्चिवस फोक डिटीज म्हणूनही, दोन्ही एकच. चस्तुश्का म्हणजे रशियन खेड्यातलं चार ओळींचं झटपट गाणं, गार्मोन नावाच्या भात्याच्या पेटीवर किंवा बालालाइका या तंतुवाद्यावर, एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने लगेच त्याहून तिखट उत्तर द्यायचं, प्रेम, सासू, सरपंच, दारू, काहीही विषय. आपल्याकडचा कलगी-तुरा ज्यांनी ऐकलाय त्यांना यातली मजा लगेच कळेल, फक्त इथे सगळं चार ओळींत उरकायचं असतं. श्चेद्रिनने हे पहिल्यांदा वापरलं असं नाही, 1954 च्या त्याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोच्या शेवटी सेम्योनोव्ना नावाची अशीच एक चाल आहे, पण तिथे ती पाहुणी म्हणून येते. इथे अख्खी रचनाच तिने बनलीय. डबल बास बोटांनी सतत चालत राहतात, वर क्लॅरिनेट किंचाळतो, ट्रम्पेटला आवाज दाबणारा म्यूट लावलेला, पियानो मध्येच टोचून जातो, व्हायोलिनवाले धनुष्याने स्टँडवर टकटक करतात, आणि एक चाल संपायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे जॅझ वाटतं, साहजिकच आहे, ठेका तसाच आहे, पण खरं तर सगळं गावचं आहे. माझ्या ओळखीत ज्यांना पाश्चात्त्य क्लासिकलचा कंटाळा येतो अशांनाही मी हे ऐकवलंय आणि सगळ्यांनी परत लाव म्हटलंय.

प्लेत्न्योवचं वाजवणं कसंय तर काटेकोर. रशियन नॅशनल ऑर्केस्ट्रा त्यानेच 1990 मध्ये सुरू केला, सरकारी पैशाशिवाय, आणि सगळे वादक असे निवडून घेतले की या रचनेत कुणीही मागे पडत नाही. प्रत्येक टाचणी ऐकू येते. हळू जागी तो खरंच इतका हळू आवाज ठेवतो की पुढचा धक्का डबल जोरात बसतो. माझी एकच तक्रार, तो जरा जास्तच नीटनेटका आहे. येवगेनी श्वेतलानोवचं सोव्हिएत स्टेट सिम्फनीबरोबरचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं तर पितळी वाद्यं अगदी अंगावर येतात, रेकॉर्डिंग खरखरीत आहे, तोल गेल्यासारखा वाटतो, पण मजा तिथेच आहे, गावातले लोक खरंच भांडतायत असं वाटतं. तरी पहिल्यांदा ऐकायला प्लेत्न्योवच बरा कारण आत काय काय चाललंय ते सगळं कळतं, श्वेतलानोवकडे नंतर जा.

त्याच सीडीवर दुसरा कॉन्चेर्टो आहे, झ्वोनी, म्हणजे घंटा. आणि इथे पहिल्याची अपेक्षा घेऊन बसलेले लोक गडबडतात. यात गंमत नाही. ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या 125 व्या वर्षासाठी मागवली होती आणि 1968 च्या जानेवारीत लेनर्ड बर्नस्टाईनने ती पहिल्यांदा केली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन ऑर्केस्ट्रा सोव्हिएत संगीतकाराकडून रचना मागवतो आणि तो काय लिहून पाठवतो, तर रशियातल्या चर्चच्या घंटा. हे साधं नव्हतं. तिकडे घंटा फक्त पूजेसाठी नसायची, जन्म, मरण, आग, शत्रू आला, सगळं घंटेनेच कळायचं, आणि 1930 च्या आसपास सरकारने हजारो घंटा उतरवून वितळवल्या. मॉस्कोच्या दानिलोव मठाच्या घंटा तर एका अमेरिकन उद्योगपतीने विकत घेऊन वाचवल्या, त्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन टांगल्या गेल्या आणि 2008 मध्ये परत आल्या. म्हणजे 1968 मध्ये सोव्हिएत रशियात बहुतेक चर्च मुकी होती, आणि एका पाद्र्याचा नातू घंटांवर कॉन्चेर्टो लिहितो जो वाजतो न्यूयॉर्कमध्ये. हे डोक्यात ठेवून ऐकलं की झ्वोनी वेगळीच ऐकू येते.

संगीत म्हणून सांगायचं तर इथे चाल नाही, आवाजांचे ढिगारे आहेत. पितळी वाद्यं एकमेकांना खेटून सूर लावतात, तारवाद्यांना ठरलेल्या ठेक्याशिवाय आपापल्या वेळेने वाजवायला दिलंय, तेव्हाच्या पश्चिमेकडच्या नव्या पद्धती श्चेद्रिनने इथे मोकळेपणाने घेतल्यात, आणि हे सगळं मिळून एक प्रचंड घंटा वाजवल्याचा भास होतो, तिचा घुमारा विरत जातो आणि त्यात दुसरी मिसळते. अकरा-बारा मिनिटांचीच आहे. पहिल्या कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्रातला प्रत्येकजण वेगळा ऐकू येतो, इथे सगळे मिळून एकच वाद्य होतात, अवघ्या पाच वर्षांत एकाच नावाच्या प्रकाराला त्याने पार उलटं केलं. मला प्लेत्न्योवचं हे रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, त्याचा तो काटेकोरपणा इथे कामाला येतो, कारण असे पुंजके जरा ढिले वाजले की नुसता गोंगाट होतो.

सीडीवरचा मोठा भाग खरं तर कार्मेन सुइटने घेतलाय, बहुतेक लोक तीच बघून सीडी घेतात. 1967 ची, बिझेच्या ऑपेराचं संगीत फक्त तारवाद्यं आणि तालवाद्यं घेऊन नव्याने बांधलेलं, प्लिसेत्स्कायाच्या बॅलेसाठी, कोरिओग्राफर क्यूबाचा अल्बेर्तो अलोन्सो. आधी शोस्ताकोविच आणि खाचातुरियन दोघांना विचारलं होतं, दोघेही बिझेला हात लावायला तयार झाले नाहीत. सांस्कृतिक मंत्री फुर्त्सेवा बाई भडकल्या होत्या त्यावर. छान आहे, पण माझा आजचा विषय नाही, पुढे जाते.

तिसरा कॉन्चेर्टो या दोन्ही सीडींवर नाही. जुनं रशियन सर्कस संगीत असं त्याचं नाव, 1989 चा, शिकागो सिम्फनीच्या शताब्दीसाठी लिहिलेला आणि 1990 मध्ये लोरिन माझेलने तिथे केलेला. हवाच असेल तर वासिली सिनाइस्की आणि बीबीसी फिलहार्मोनिकचं शांदोस लेबलचं रेकॉर्डिंग शोधा. मला स्वतःला हा पाचांतला सगळ्यात कमी आवडतो. सर्कशीतला बँड, उड्या, विदूषक, घोडे, सगळं चटकदार आहे, वादकांची परीक्षा घेणारं आहे, पण पहिल्या कॉन्चेर्टोने जे आठ-नऊ मिनिटांत साधलं तेच इथे दुपटीहून जास्त वेळ घेऊन होतं. एकदा ऐकावं, बस.

आणि मग चौथा. खोरोवोदी, इंग्रजीत राउंड डान्सेस. हाही 1989 चाच, टोकियोच्या सनटोरी हॉलसाठी लिहिलेला. म्हणजे एकाच वर्षात एकाच माणसाने अमेरिकेसाठी सर्कस आणि जपानसाठी हे लिहिलं, आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकली तर विश्वास बसत नाही. खोरोवोद हा स्लाव लोकांचा फार जुना नाच, बायका हात धरून गोल फिरतात आणि फिरता फिरता गातात, त्यात घाई नसते, कुणी पुढे नसतं कुणी मागे नसतं. आता विचार करा, सगळेच पुढे असलेल्या ऑर्केस्ट्रासाठी याहून चांगली कल्पना काय असू शकते? पहिल्या कॉन्चेर्टोत लोक एकमेकांवर कुरघोडी करत होते, दुसऱ्यात सगळे एका आवाजात विरघळले, इथे प्रत्येकजण आपला आवाज ठेवून गोलात उभा आहे. मला जे सांगायचंय ते हेच, की रशियात हा प्रकार मोठा झाला तो इथे. पहिला कॉन्चेर्टो म्हणजे एका तिशीतल्या हुशार माणसाने सगळ्यांना दाखवलेली कमाल, आणि चौथा लिहिणारा माणूस छप्पन वर्षांचा आहे, त्याला आता काही दाखवायचं उरलेलं नाही, तो नुसता ऐकतोय आणि आपल्यालाही थांबून ऐकायला लावतोय.

सुरुवात इतकी हळू आहे की पहिल्यांदा मला वाटलं सीडी चालूच झाली नाही. एखादं वाद्य दोन-तीन सुरांचं काहीतरी म्हणतं, गप्प होतं. दुसरं लांबून तेच जरा बदलून म्हणतं. बराच वेळ असंच चालतं, आणि कंटाळा यायच्या बेतात असतानाच तुमच्या लक्षात येतं की मघाशी एक वाद्य होतं तिथे आता पाच-सहा झालीत आणि खाली एक चाल धरलीय, ती कधी धरली ते कळलंच नाही. मग वर्तुळ वाढत जातं, फिरणं वाढत जातं, मधे एक वेळ अशी येते की सगळा ऑर्केस्ट्रा धडधडतोय, पण तरीही ते आनंदाचं आहे की भीतीचं हे ठरवता येत नाही. वीस मिनिटांहून जास्त चालणारी ही एकसलग रचना आहे, मध्ये थांबा नाही, आणि एकदा शांतपणे बसून पूर्ण ऐकली तरच ती कळते. भाजी चिरताना ऐकायची नाही. मी आधी तसंच करत होते आणि ती कानावरून नुसती जात होती, एका रविवारी दुपारी फोन बंद करून हेडफोन लावून बसले तेव्हा पहिल्यांदा ती मला दिसली म्हणा ना, आणि त्यानंतर बरेच दिवस मी दुसरं काही लावलंच नाही.

करबित्सने हे कसं केलंय त्यावर थोडं बोलायलाच हवं, कारण बोर्नमथचा ऑर्केस्ट्रा लंडन-बर्लिनसारखा मोठ्या नावाचा नाही, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आहे, आणि मला शंका होती. पण त्याने लाकडी फुंकवाद्यांकडून जे काढून घेतलंय ते ऐकण्यासारखं आहे, एकेक बासरी, एकेक ओबो पुढे येतो आणि परत जातो, कुणीही जास्त भाव खात नाही. चढण इतकी हळूहळू बांधलीय की मध्ये कुठेच गिअर बदलल्याचं जाणवत नाही. आणि मला वाटतं याला एक घरचं कारण आहे. किरिल करबित्स कीवचा, 1976 चा, आणि त्याचे वडील इवान करबित्स युक्रेनचे मोठे संगीतकार, त्यांनी स्वतः ऑर्केस्ट्रासाठी तीन कॉन्चेर्टो लिहिलेत. पहिला 1981 चा, कीव शहराच्या पंधराशे वर्षांच्या निमित्ताने, आणि तिसरा 1989 चा, विलाप नावाचा, चेर्नोबिलनंतरचा. म्हणजे या मुलाने घरात हा प्रकार लिहिला जाताना बघितलाय. वडिलांचे तिन्ही कॉन्चेर्टोही त्याने याच बोर्नमथबरोबर नॅक्सॉसवरच रेकॉर्ड केलेत, तीही सीडी जरूर घ्या, तिसरा ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. ते रशियन संगीत नाही, युक्रेनियन आहे, हे स्पष्ट लक्षात ठेवून ऐका, पण 1989 हे वर्ष डोक्यात ठेवा. एकीकडे सर्कस, एकीकडे गोल नाच, एकीकडे विलाप, सगळं एकाच नावाच्या प्रकारात आणि मोडायला आलेल्या एकाच देशात.

पाचवा कॉन्चेर्टो, चार रशियन गाणी, 1998 चा, लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवासाठीचा. हा चौथ्यापेक्षा लहान आणि सोपा, चारही गाणी जोडून येतात. यात प्रवासाची, लांबच्या रस्त्याची जाणीव आहे, तोपर्यंत श्चेद्रिन देश सोडून म्युनिकला गेलेला होता आणि ते अंतर मला यात ऐकू येतं. पहिल्या कॉन्चेर्टोशी याची तुलना करून बघा, दोन्हीकडे खेड्यातलं गाणं आहे, पण तिथे गाणं वापरून घेतलंय आणि इथे गाण्याला मोकळं सोडलंय. चौथ्याइतका खोल नाही म्हणेन मी, मधला भाग जरा सैल पडतो, पण शेवटाकडे जाताना तारवाद्यांचा जो रंग करबित्सने लावलाय तो फार सुंदर आहे. सीडीवर तिसरी रचना आहे क्रिस्टल गुसली, 1994 ची, गुसली म्हणजे छेडून वाजवायचं जुनं रशियन तंतुवाद्य. तलम, काचेसारखी, सावकाश. रात्री झोपायच्या आधी मस्त.

आता वापरायच्या गोष्टी. ही रेकॉर्डिंग्ज फोनच्या स्पीकरवर लावू नका, हळू जागा ऐकूच येत नाहीत, आवाज वाढवता आणि मग पुढच्या धडाक्याला शेजारी दार वाजवतात. गाडीतही नाही, चौथ्याची पहिली काही मिनिटं ट्रॅफिकमध्ये हरवतात. बऱ्यापैकी हेडफोन किंवा घरातले स्पीकर, एवढं हवंच. स्ट्रीमिंगवर दोन्ही अल्बम मिळतात, पण शोधताना वैताग येतो, श्चेद्रिनचं इंग्रजी स्पेलिंग लोक वेगवेगळं करतात, रचनेची नावं तर अजूनच वेगळी, म्हणून कंडक्टरचं नाव टाकून शोधा, पटकन सापडतं. एक अ‍ॅप तर मला सारखं कार्मेन सुइटकडेच नेत होतं. सीडी घेतली तर पुस्तिका मिळते आणि अशा अनोळखी संगीताला ती लागतेच. नॅक्सॉस पहिल्यापासून कमी किमतीचं लेबल म्हणूनच ओळखलं जातं, त्यामुळे खिशालाही तीच सोयीची.

यानंतर पुढे कुठे जायचं असं वाटलं तर त्याच पिढीतली दुसरी वाट आहे आल्फ्रेड श्निटकेची. त्याने ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टो न म्हणता जुना, बरोक म्हणजे बाखच्या काळातला कॉन्चेर्टो ग्रोसो उचलला, ज्यात काही मोजके वादक पुढे आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा मागे असतो, असे सहा लिहिले. पहिला 1977 चा, दोन व्हायोलिन, हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं वाद्य, आत वस्तू घालून आवाज बदललेला पियानो, आणि मध्येच हार्पसिकॉर्डवर एक टँगो सुरू होतो की अंगावर काटा येतो. 1988 चा चौथा तर एकाच वेळी त्याची पाचवी सिम्फनीही आहे, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउसाठी लिहिलेला, सुरुवात कॉन्चेर्टो म्हणून होते आणि पुढे जाता जाता सिम्फनी होऊन जाते, मधे माहलरच्या तरुणपणच्या अर्धवट राहिलेल्या तुकड्यावर एक मूव्हमेंट. आणि सोफिया गुबायदुलिनाचा ऑफर्टोरियम नावाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, गिडोन क्रेमरसाठी लिहिलेला, त्यात बाखने वापरलेली प्रशियाच्या राजाची प्रसिद्ध चाल दोन्ही टोकांकडून एकेक सूर गमावत संपून जाते आणि मग परत उभी राहते. हे दोघं श्चेद्रिनपेक्षा जास्त अंतर्मुख, जास्त जखमी. मला तिघेही हवे असतात, पण नवख्या माणसाला श्चेद्रिनच आधी ऐकवावा, कारण त्याच्याकडे लोकांचा आवाज आहे आणि तो लगेच ओळखू येतो.

माझी एक मनापासूनची इच्छा आहे ती इथेच लिहून ठेवते. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 मध्ये खुश्रू सुनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी सुरू केलेला, त्यात पूर्वीच्या सोव्हिएत मुलखातले कितीतरी वादक वाजवतात. त्यांच्या कार्यक्रमात पहिला कॉन्चेर्टो ठेवला तर आठ-नऊ मिनिटांत अख्खं जमशेद भाभा थिएटर उठून उभं राहील याची मला खात्री आहे. आणि दुसऱ्या भागात खोरोवोदी ठेवला तर मी पुण्याहून नक्की येईन, दोन्ही दिवस.

बाकी कुणाकडे श्वेतलानोवच्या लिमरिक्सची मेलोदियाची मूळ एलपी चालू अवस्थेत असेल तर कळवा, विकत नको, फक्त एकदा चांगल्या टर्नटेबलवर बसून ऐकायचीय.